वीसच्या पुढं

चिठ्ठी चार ओळींची होती. मी ती शाळेच्या फाटकात उभी राहून वाचली, मग पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला गेले तर अक्षरं एकमेकांवर चढायला लागली.

"कु. चतुरा रामकिसन. वय सहा. संख्याज्ञान नाही. वीसनंतर पुन्हा एकपासून सुरुवात करते. बुद्धीने मंद वाटते. पहिलीत प्रवेश हवा असल्यास डॉक्टरांचा दाखला सोमवारपर्यंत आणावा."

मंद. तेवढा एकच शब्द मला दिसत राहिला. बाकीची चिठ्ठी कुणी ओल्या बोळ्यानं पुसावी तशी झाली होती.

चतुरा माझ्या पदराला धरून उभी होती. सकाळी सहाला उठवून मी तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, लाल फितींची फुलं केली होती. चिकलठाण्याहून शहरात यायला दोन बस. औरंगपुऱ्यातली ही शाळा नावाजलेली, पहिलीत घेताना पोरांना आत एकटं बोलावून तपासतात, आईबापांनी ओट्यावर बसायचं. चतुरा आत गेली ती उड्या मारत, आणि बाहेर आली ती ही चिठ्ठी घेऊन.

मला वाटलं, दुसऱ्याच पोरीची चिठ्ठी आली. मी आत घुसले. बाई पुढच्या मुलाचं नाव पुकारत होत्या.

"बाई, काही चुकलं असंल. ही घरी लई बोलती, गोष्टी सांगती..."

"बोलते, ते कळलं," बाई म्हणाल्या. त्या काही वाईट नव्हत्या, सकाळपासून पन्नास पोरं तपासून दमल्या होत्या. "ताटलीत मणी दिले, मोज म्हटलं. वीसपर्यंत छान म्हणाली. मग पुन्हा एक, दोन, तीन. अगं पुढं म्हण, म्हटलं. तर पुन्हा एक, दोन, तीन. आणि वर मला बोटं मोडत होती! एवढीशी पोर, मास्तरणीला बोटं मोडते?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. "नाव मात्र चतुरा ठेवलंय हं."

त्या हसण्यानं माझे कान बंद झाले. खरंच बंद झाले. रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या, भाजीवाला ओरडत होता, आणि मला नुसतं पाण्याखाली असल्यासारखं ऐकू येत होतं. बसथांब्यावर आल्यावर मी काय केलं, ते लिहायला हात धजत नाही. मी चतुराचा डावा हात धरला आणि त्यावर एक चापट मारली. जोरात.

"बाईंना बोटं मोडतीस? कुणी शिकवलं हे?"

तिनं हात पाठीमागं नेला. रडली नाही. माझ्याकडं अशी बघत राहिली, जसं मीच काहीतरी विसरले होते आणि ते तिला माहीत होतं.

बसमध्ये बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, "माय, मंद म्हंजे काय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच म्हणती ना मघापासून. मंद, मंद."

मी तोंडातल्या तोंडात म्हणत होते आणि मला पत्ता नव्हता. म्हणलं, "मंद म्हंजे हळू. दिवा बारीक करतो ना आपण, तसा."

तिनं विचार केला. मग माझ्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "मी हळूच मोजलं माय. घाईनं केलं की चुकतं ना, म्हणून."

माझे मालक, रामकिसन, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला होते. चार वाजता आले ते बूट न काढता उंबऱ्यावरच बसले, कारण माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. चिठ्ठी त्यांच्याकडं दिली. त्यांनी उलटसुलट करून परत माझ्या हातात ठेवली.

"वाच."

मी वाचली. तो शब्द आला तिथं घाईनं पुढं गेले.

"परत वाच. मधलं."

मी परत वाचली. आमच्या घरावरून विमान गेलं, पत्रे थरथरले, तेवढा वेळ कुणालाच बोलावं लागलं नाही.

मग ते म्हणाले, "कागदावर हाय ना?"

"हाय. पण..."

"शिकलेली माणसं उगी लिहितील व्हय? त्यांचा आपला काय वैरभाव?"

"आपण घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊ तिला. डॉक्टर तपासंल."

"तपासंल आणि काय लिहील? हेच. दोन कागद व्हतील." बुटाची नाडी ते बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. "सोमवारी दुपारच्या येष्टीनं गंगापूरला नेऊन सोडतो. आईपाशी राहील. मेंढरामागं हिंडंल. आमच्यात काय नवं हाय त्यात."

"सहा वर्षांची हाय ती!"

"मी बी एवढाच हुतो." एवढं म्हणून ते उठले आणि चतुराला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. राग असता तर मी भांडले असते. राग नव्हताच. एखाद्यानं आधीच ऐकलेली वाईट बातमी पुन्हा ऐकावी, तसं ते ऐकत होते. मला त्याचा अर्थ लागेना.

शेजारच्या आवडाबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत असतात, त्या आल्याच. "द्वारके, रडायला काय झालं? वीसच्या पुढं मोजून काय करायचंय तिला? वीस भाकरी थापल्या की माणसाची कंबर मोडती, एकविसावी मोजतंय कोण!"

मला हसू आलं नाही. त्यांनाही ते दिसलं असावं. त्या माझ्याशेजारी टेकल्या आणि पोत्यात हात घालून कामाला लागल्या. पेनाची टोपणं. आमच्या गल्लीतल्या बायका पेनाच्या टोपणांना पितळी पट्टी बसवायचं काम घरी आणतात. कारखान्याचा माणूस सकाळी पोतं टाकून जातो, शंभर शंभरच्या पिशव्या बांधून दुसऱ्या दिवशी परत द्यायच्या. शुक्रवारी सकाळी माझं पोतं द्यायचं होतं आणि मी हात लावला नव्हता.

आवडाबाई फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातल्या, त्या पाच-पाच टोपणं उचलून मोजतात. "पाच, धा, पंधरा," असं मोठ्यानं. त्यांची पिशवी झाली, त्या स्वयंपाकाला गेल्या. मी आणि चतुरा दोघीच राहिलो.

मोजायचं काम माझे हात करतात. डोकं दुसरीकडं असतं. त्या दिवशी ते येष्टीच्या खिडकीशी होतं. तिच्या लाल फिती, माझ्या सासूचं घर, कुत्र्यांचं भुंकणं, पावसापाण्यातली मेंढरं. मग टोपणं दिसेनाशी झाली. मी पदरानं डोळे पुसले आणि पिशवीत किती टाकली तेच विसरले.

"आता गं बाई. परत मोजावी लागतील सगळी."

"नाय माय," चतुरा म्हणाली. "चौथी खंडी चालू हाय. तेरावं टोपण टाकलंस तू."

"काय?"

"तीन खंड्या झाल्या. चौथीचं तेरावं." तिनं डावा हात पुढं केला. अंगठा आणि दोन बोटं मुडपलेली, दोन बोटं ताठ. तोच हात.

मी पिशवी जमिनीवर उपडी केली. एक एक टोपण बाजूला सारत मोजलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. सत्तर. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. संपली.

तीन वीस साठ. साठ आणि तेरा त्र्याहत्तर.

मी रडत असताना, नाक ओढत असताना, मधेच उठून चुलीतलं लाकूड पुढं सारून आले असताना, ही सहा वर्षांची पोर माझे हात बघून मोजत होती आणि एकानंही चुकली नव्हती.

"बाईंना कामून सांगितलं नाय मग?"

"सांगितलं की! वीस झाले, मी बोट मुडपलं. बाई म्हणल्या, पुढं म्हण. मी पुढं म्हणलं. एक, दोन, तीन. बाई म्हणल्या, अगं पुढं. मी पुढंच म्हणत हुते. मग बाई म्हणल्या, बस."

"बोट मुडपलं..."

"व्हय. तू मारलंस ते."

मी तिचा हात हातात घेतला आणि सोडवेना. बाईंना वाटलं, पोर बोटं मोडती. मला वाटलं, बाई म्हणतात म्हणजे मोडत असंल. ती खंडी धरून बसली होती बिचारी, कुणी मध्ये बोललं तरी सुटू नये म्हणून.

"चतुरा, खंडी तुला कुणी शिकवली? आज्जीनं?"

"तू."

"मी? मी कवा शिकवली?"

तिला माझा प्रश्न वेडगळ वाटला असावा. तिनं मांडी घातली, पदर घेतल्यासारखं केलं, मान एका बाजूला टाकली आणि ओठ जेमतेम हलवत पुटपुटायला लागली: "सतरा, अठरा, एकूणीस, खंडी." आणि डाव्या हाताचा अंगठा आत. ती मीच होते. हुबेहूब. मला स्वतःला कधी दिसले नव्हते अशी मी.

मी खाली बघितलं. माझ्या मांडीवर माझा डावा हात पडला होता. अंगठा आणि दोन बोटं मुडपलेली.

मला वाटायचं, मी चौथी शिकले आणि विसरले. लग्नानंतर कुणी शिक्षण विचारलं की म्हणायची, "चौथी, पण त्यातलं काय राहिलंय." शाळेतलं खरंच काही राहिलं नव्हतं. हे त्याच्याही आधीचं होतं, बानाबाईचं.

आमची वाडी फुलंब्रीच्या पलीकडं, सगळी मेंढरंवाली घरं. पोलीस ॲक्शन होऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील, तालुक्याच्या ब्लॉक ऑफिसातून एक ताई आली आणि म्हणाली, लहान पोरांची बालवाडी काढायची, कोण सांभाळंल? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बानाबाई म्हणाली, "मी तशी बी सांभाळतेच." ती एकटी बाई, तिच्या अंगणात सगळ्यांची पोरं टाकून लोक रानात जायचे. ताईनं रजिस्टर दिलं, पाटी दिली, खडू दिले. मणी-ठोकळे देते म्हणाली ते काही आले नाहीत. मग बानाबाई उन्हाळ्यात चिंचोके वापरायची आणि बाकी वर्षभर मेंढराच्या वाळक्या लेंड्या. आम्ही अंक लेंड्यांवर शिकलो. हसा खुशाल.

तीन वर्षांची होते तेव्हापासून मी तिच्याकडं. ती म्हणायची, "तुमच्या बापाला येतं तेच आधी शिका, मग मास्तराचं." आणि मेंढरं तर खंडीनंच मोजायची असतात. वीसची एक खंडी. खंडी भरली की बोट मुडपायचं, हात भरला की शंभर. कोकरू मधेच उडी मारतं, कुत्रं येतं, कुणी हाक मारतं. आकडा विसरला तरी बोट विसरत नाही. आम्ही मोजायला लागलो की ती मुद्दाम ताट आपटायची, गुदगुल्या करायची. "बोट सोडलं ते मेंढरू लांडग्यानं नेलं!"

पण तिनं आम्हाला तिथंच सोडलं नाही. आम्ही शाळेत जायच्या आधी ती आठ दिवस शाळेच्या भिंतीला टेकून टकळीवर लोकर कातत बसली. आत मास्तर कसं मोजतो ते ऐकायला. नवव्या दिवशी येऊन म्हणाली, "पोरांनो, शाळेत खंडी नाय. तिथं दहाचं राज्य. तिथं जायच्या आधी खंडी फोडायची." अंगणात तिनं मेंढरं कोंडायचं असतं तसं वाडगं आखलं, वीस लेंड्या आत ठेवल्या आणि मधोमध काठी आडवी टाकली. इकडं दहा, तिकडं दहा. दोन महिने आम्ही खंड्या फोडत होतो. दोन खंड्या म्हणजे चार दहा. तीन म्हणजे सहा. मी शाळेत गेले तेव्हा मास्तरांना कधी कळलंही नाही की ही पोरगी मनात आधी खंडी मोजती आणि मग फोडून सांगती.

वीस-बावीस वर्षांत मला तिची एकदाही आठवण आली नव्हती. आणि ती रोज माझ्या बोटात होती. मी न सांगता, न शिकवता, ती माझ्या पोरीच्या बोटात जाऊन बसली होती. फक्त अर्धीच. खंडी तिच्यापर्यंत गेली; फोडणं गेलं नाही. मी शिकवते आहे हे मला ठाऊकच नव्हतं, तर पुढचं कोण शिकवणार?

गुरुवारची संध्याकाळ होती. सोमवारपर्यंत तीन दिवस.

मालकांना मी काही बोलले नाही. का, ते आता सांगता येत नाही. भीती वाटली असंल, की बोलून दाखवलं आणि जमलं नाही तर? शुक्रवारी भाकरी टाकता टाकता, शनिवारी नळाच्या रांगेत, रविवारी धुणं वाळत घालताना, जेवढा वेळ चोरता आला तेवढ्यात मी आणि चतुरा खंडी फोडत होतो. लाटणं मधोमध आडवं. इकडं दहा टोपणं, तिकडं दहा.

"कामून फोडायची पण? चांगली हाय की खंडी."

"चांगलीच हाय. बाईंना येत नाय ती, म्हणून."

"बाईंना येत नाय?" तिचे डोळे मोठे झाले. तिला त्या बाईंची दया आली. मग मन लावून फोडायला लागली.

रविवारपर्यंत तिला दोन खंड्या म्हणजे चार दहा, चार दहा म्हणजे चाळीस, इथपर्यंत यायला लागलं. पुढचं जमेना. एकोणसाठ, सदुसष्ट, त्र्याऐंशी. किती वाकडे आहेत हे शब्द, त्या तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. खंडीला वीसच शब्द लागतात.

सोमवारी मालकांनी रजा काढली होती. चतुराचं गाठोडं त्यांनी स्वतः बांधलं, दोन झगे, चादर, तिची फुटकी बाहुली. मी म्हणलं, "आधी शाळेत जायचं. मग तुम्ही म्हणाल तिथं."

"दाखला कुठं हाय?"

"हाय माझ्यापाशी," मी टोपणांची पिशवी कंबरेला खोचत म्हणलं. खोटंच, तसं बघितलं तर.

ते शाळेत आत आले नाहीत. फाटकाबाहेर लिंबाखाली गाठोडं घेऊन उभे राहिले. "मी नाय येत. तू जा."

मुख्याध्यापिका बाईंच्या दारात कारभारी नावाचा म्हातारा शिपाई स्टुलावर बसला होता. तो सोडेना, मी हटेना. आवाज ऐकून मोठ्या बाईंनीच आत बोलावलं, आणि चतुराला ज्यांनी तपासलं त्या धाकट्या बाईंनाही.

"दाखला?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"दाखला नाय. पोरीला पुन्हा एकदा मोजायला द्या."

"दोनदा तपासणी होत नाही, बाई. सगळ्यांना एकच नियम."

"मग एकदाच करा," मी म्हणलं. "परवा तपासणी झालीच नाय. परवा तुम्ही तिचं ऐकलंच नाय."

धाकट्या बाईंचं तोंड लाल झालं. मोठ्या बाईंनी माझ्याकडं, मग चतुराकडं बघितलं. मग खणातून मण्यांचा डबा काढला आणि न मोजता दोन मुठी ताटलीत ओतल्या. "मोज, बाळ."

चतुरा एक एक मणी सरकवायला लागली. ओठ न हलवता. वीसला अंगठा आत गेला. धाकट्या बाई म्हणाल्या, "हे बघा, हेच..." मोठ्या बाईंनी हात वर केला. पुन्हा एक, दोन, तीन. दुसरं बोट आत. आणि मग मधल्या सुट्टीची घंटा झाली. दारापुढून शंभर पोरं ओरडत धावली, खिडकीची काच हलली, कुणीतरी दाराला येऊन आपटलं. चतुरानं मान वर करून सगळं नीट बघून घेतलं. मजा वाटली तिला. मग पुढचा मणी सरकवला.

"मी पण मोजत होते," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझे चुकले. किती झाले गं?"

"दोन खंड्या नि सात."

"काय?"

दारातून कारभारी म्हणाला, "खंडी म्हंजी वीस, बाई. आमच्या गंगापूरकडं मेंढरं खंडीनंच मोजत्यात. दोन खंड्या नि सात."

मी म्हणलं, "फोड, बाळा."

चतुरानं टेबलावरची लाल पट्टी उचलली आणि हवेतच आडवी धरली. "चार दहा नि सात," ती म्हणाली. आणि थांबून, बाईंना समजावं म्हणून अगदी सावकाश, "चाळीस नि सात."

धाकट्या बाईंनी ताटली पुढं ओढली आणि मोजायला लागल्या. "सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या. मग खुर्चीचा हात धरून बसल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता. मला वाटलं होतं मला बरं वाटंल ते बघून. नाही वाटलं.

"दर वर्षी असतात," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, जणू आम्ही तिथं नव्हतोच. "दोन-तीन तरी. वीसला थांबणारी. मी लिहून देते त्यांना. बोटं... मला वाटायचं चाळा आहे."

"किती वर्षं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नऊ."

मोठ्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दारात कारभारी जमिनीकडं बघत उभा होता. मग मोठ्या बाईंनी रजिस्टर ओढून चतुराचं नाव लिहून घेतलं. जूनच्या पंधरा तारखेला आणा, म्हणाल्या. आणि आम्ही निघताना: "तुम्ही शिकवलंत का हे?"

"बानाबाईनं," मी म्हणलं. त्यांना कळलं नसणार. मी सांगायला थांबले नाही.

लिंबाखाली मालकांनी मला येताना बघितलं आणि गाठोडं खांद्यावर घेतलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. "चल पोरी," ते म्हणाले, "येष्टी गाठू."

"घेतलं तिला," मी म्हणलं. "पहिलीत घेतलं!"

मग मी सगळं सांगितलं. उलटसुलट, आधी घंटा, मग बोटं, मग टोपणं. खंडी आणि फोडणं. गाठोडं खांद्यावरून कधी खाली आलं ते त्यांनाही कळलं नसावं. फाटकाच्या पायरीवर ते बसले.

"म्हंजे खंडी चूक नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती."

"मास्तर म्हणायचा, ह्याच्या टाळक्यात वीसच्या पुढं जागा नाय. पहिलीत दोनदा बसवलं मला. बोट मुडपलं की छडी. बोटावरच." त्यांनी डावा हात उलटा करून बघितला, जणू वळ अजून असतील. "मग घरी धाडलं. मी म्हणलं, आपल्यातच नाय. पोरीची चिठ्ठी तू वाचलीस ना, मला वाटलं मव्हंच रक्त उतरलं तिच्यात. मीच दिलं तिला हे."

आठ वर्षं झाली होती आमच्या लग्नाला. शाळा का सोडली, असं विचारलं की ते हसून म्हणायचे, मन लागंना. त्या पायरीवर मला एक सहा-सात वर्षांचं पोर दिसलं, बोटं चोळत घराकडं निघालेलं, आणि त्याच्या वाटेवर कुठंच एखादी बाई भिंतीला टेकून लोकर कातत बसलेली नव्हती. एवढाच फरक होता आमच्या दोघांत. मी तीन वर्षांची असताना कुणाच्या तरी अंगणात होते, एवढाच.

"अवो," मी म्हणलं.

"फोडायची कशी ती?" त्यांनी विचारलं. माझ्याकडं न बघता.

चतुरानं माझ्या कंबरेची पिशवी ओढून काढली आणि पायरीवर टोपणं ओतली. "वीस घ्या आबा."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. तेलानं काळी झालेली ती मोठी बोटं, त्यांत निळी टोपणं. सतरा, अठरा, एकूणीस. वीसला त्यांचा डावा अंगठा आपोआप आत वळला आणि ते दचकले. मान आत घेतली त्यांनी, खरंच.

चतुरानं तो अंगठा धरून सरळ केला. "थांबा, अजून नाय. आधी ह्यातली धा इकडं घ्या."

त्यांनी दहा इकडं घेतली. मग दोन्ही ढिगांकडं कितीतरी वेळ बघत राहिले. शाळेची दुसरी घंटा झाली, पोरं आत पळाली, रस्ता मोकळा झाला.

"दोन धा," ते म्हणाले, आणि पुढची वीस घ्यायला हात पुढं केला.